मानेवरची रेघ

डॉक्टर सखाराम काथार यांच्या हाताखाली शिकलेल्यांना सरांचा चेहरा एखादे वेळी आठवणार नाही, पण हात हटकून आठवतात. कॅन्सरच्या पेशंटला किरणांचा शेक कुठं द्यायचा, हे मानेवर किंवा छातीवर आधी रेघा ओढून ठरवायचं असतं. पहिल्या वर्षी रेसिडेंट रेघ ओढू लागला की सरांचा हात त्याच्या हातावर असायचा, शाळेत बाई पाटीवर अक्षर गिरवून घेतात तसा. दुसऱ्या वर्षी हात मागे जायचा आणि नुसतं बोट पुढे राहायचं. तिसऱ्या वर्षी केव्हातरी, कुणाला काही न सांगता, सर दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात घालायचे. मग त्या पोरासाठी ते हात पुन्हा बाहेर यायचे नाहीत. 'सरांनी हात खिशात घातले' ही बातमी शिपायापासून मेट्रनपर्यंत तासाभरात पोचायची. पोरं पेढे वाटायची. खरं तर रडायला पाहिजे होतं, कारण त्या दिवसापासून चुकलं तर ते आपल्या एकट्याच्या नावावर चुकणार होतं.

कडुबा हिवराळेसाठी सरांनी हात खिशात घातले ते ब्याण्णवच्या दिवाळीनंतर.

कडुबा हे नाव त्याच्या आईनं, भामाबाईनं ठेवलेलं. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याला असं नाव द्यायचं की मरणानं तोंड लावलं तरी थुंकून टाकावं, एवढाच तिचा विचार. पोरगा जगला. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा तो मॅट्रिकला होता. विद्यापीठ त्यांच्या गावापासून कोसो दूर. त्याला बाबासाहेबांचं नाव दिल्यानं गावात कुणाच्या बांधाचा दगडही हलणार नव्हता. पण जळाल्या त्या गावाबाहेरच्या यांच्याच झोपड्या. बाप सर्जेराव बायकोपोराला घेऊन शहरात आला. आधी हमाली केली, पुढे वाळूजला कारखाने उभे राहिले तसा तिथं हेल्पर म्हणून चिकटला. पोरगा डॉक्टर झाला, तेव्हा शिफ्टच्या बसमध्ये त्यानं ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं.

स्टेशनच्या बाजूला एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथं कोबाल्टचं मशीन होतं. कडुबा तिथं शिकायला लागला. सोबतचे डॉक्टर वाईट नव्हते. चहा एकत्र प्यायचे, गप्पा मारायचे. फक्त कडुबा आत आला की कधीकधी बोलणं मधेच तुटायचं, आणि मग कुणीतरी उगाच हवापाण्याचं काढायचं. एक गोष्ट तो लवकर शिकला. बाकीच्यांची चूक ही चूक असते, आपली चूक मात्र आपल्या आडनावावर जाते. म्हणून तो चुकतच नसे. रात्रंदिवस पुस्तकात डोकं घालून बसे आणि पेशंटवर थोडा जास्तच खेकसे.

त्याचा एकट्याचा पहिला पेशंट म्हणजे मुंजाबा. दौलताबादच्या पुढच्या एका वस्तीवरचा मेंढपाळ. पन्नाशीचा, बाभळीच्या खोडासारखा काटक. विडीनं घसा धरला होता, आणि गाठी मानेपर्यंत उतरल्या होत्या. आवाज गेलेला. बोलायचा ते ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे.

"मेंढरं आवाजावर चालत्यात, डाक्टरसाब," पहिल्या दिवशी तो घोगऱ्या हवेतून म्हणाला. "आवाज नसला तं नुसतं मागं पळत बसावं लागतं. आता ती मला वळखंनात."

सोबत बायको, सारजाबाई. ठसठशीत कुंकू, कडक बोलणं, नवऱ्याला लहान पोरासारखं सांभाळणारी. तिनं कडुबाला गाव विचारलं. मग गावातलं कोणतं घर ते विचारलं. या विचारण्याचा अर्थ मराठवाड्यात दुधपित्या पोरालाही कळतो. कडुबानं सरळ सांगून टाकलं. बाई क्षणभर थांबली, पदर सारखा केला, आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात भाकरी अन् लसणाचा ठेचा बांधून घेऊन आली. "इथलं काय खाताव तुमी, मेसचं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून कडुबा त्यांना मामा-मामी म्हणू लागला.

रेघा ओढायच्या त्या जांभळ्या औषधानं. हेच औषध, शेकानं तोंड आलं की आतून लावायला, छोट्या बाटलीत घालून पेशंटबरोबर घरीही देत. दवाखान्यात कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मुंजाबानं मान धुतली आणि रेघा फिकट झाल्या. कडुबा भडकला.

"मामी, ही रेघ पुसली तर सगळा शेक वाया जाईल. गाठ राहील तशीच. जिवाची रेघ आहे ही, समजलं?"

सारजाबाईला ते फार लागलं. त्यानंतर ती नवऱ्याच्या मानेला वारासुद्धा लागू देईना.

आता काथार सरांचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शेकाच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांची एक ओळ होती, आणि प्रत्येक खिळ्याला एकेका पेशंटचा दोरा टांगलेला. दोऱ्याचं एक टोक कानाच्या पाळीला लावायचं, दोरा मानेवरून न्यायचा, आणि रेघ जिथं हवी तिथं दोऱ्याला गाठ. रोज, शेकाच्या आधी, डॉक्टरनं स्वतः दोरा लावून बघायचा. "रेघ खोटं बोलते," सर म्हणायचे. "पेशंट घामेजतो, झोपतो, धुतो. दोरा धुतला जात नाही." इतर ठिकाणी याहून भारी यंत्रं आली होती. इथं दोराच होता, आणि दोरा चांगला होता.

मानेच्या मागच्या अंगानं मज्जारज्जू जातो. गाठ जाळायला जेवढा शेक लागतो तेवढा त्या रज्जूला सोसत नाही. म्हणून बराचसा शेक झाला की रेघ पुढे सरकवायची आणि तिच्या मागे शिशाचा ठोकळा असा धरायचा, की त्याची सावली रज्जूवर पडेल. मग उरलेला शेक फक्त गाठीला. कडुबानं मुंजाबाची रेघ बरोबर वेळी पुढे घेतली. स्पिरिटनं जुनी पुसली, नवी ओढली, दोऱ्याला नवी गाठ मारली. काथार सर दाराशी उभे होते, हात खिशात. ते काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत याचा कडुबाला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो कुणावरही खेकसला नाही.

त्याच आठवड्याच्या शेवटी चंपाषष्ठी आली.

सोमवारी सकाळी शेकाच्या खोलीबाहेर माणसं मावत नव्हती. नामांतरावरून पुन्हा वातावरण तापलं होतं, शुक्रवार-शनिवार बंदमध्ये गेले होते. एसट्या नव्हत्या, त्यामुळे तीन दिवसांची गर्दी एका दिवशी लोटली होती. मशीनमधला कोबाल्ट जुना झालेला, एकेका माणसाला वेळ जास्त लागे. त्यात सकाळीच कँटीनमध्ये कुणीतरी कडुबाला ऐकू जाईल इतपत हळू म्हणालं होतं की आता विद्यापीठही यांचं आणि दवाखानाही यांचाच. तो चहा न पिताच उठला होता. मुंजाबाला टेबलावर घेतलं, तेव्हा मानेच्या दोन्ही बाजूंना रेघा अशा गडद, अशा सुबक होत्या की नुकत्याच ओढल्यासारख्या.

"वा, मामी," कडुबा म्हणाला. "या वेळी कशी जपली बघा रेघ."

सारजाबाईनं ओठ उघडले आणि मिटले. जो माणूस कधी बरं बोलत नाही तो आज बरं बोलला, त्याचं तोंड कशाला आंबट करा, असं तिला वाटलं असावं. कडुबानं खिळ्यावरच्या दोऱ्याकडे हात नेला. बाहेर कुणीतरी नंबरावरून भांडायला लागलं. नेलेला हात त्यानं मागे घेतला, रेघेप्रमाणे शिसं लावलं, जाड दार लोटलं आणि मशीन सुरू झालं.

एकदा मोजलं नाही की दुसऱ्या दिवशी मोजायला जीव धजत नाही. मोजलं तर काल का नाही मोजलं, हे स्वतःलाच विचारावं लागतं. पुढच्या आठवड्यात तर शहरात कर्फ्यूच लागला. पेशंट पास काढून, पोलिसांच्या काठ्या चुकवत यायचे. मशीन चालू राहिलं हीच मोठी गोष्ट, असं सगळे म्हणत होते, आणि कडुबाही तेच म्हणत होता.

मुंजाबाचा शेवटचा शेक झाला त्या दिवशी कडुबानं त्याचा दोरा खिळ्यावरून काढला. शेक संपला की दोरा टाकून द्यायचा असतो. त्यानं सहज, सवयीनं, तो मानेला लावून पाहिला. गाठ रेघेच्या दोन बोटं अलीकडेच थांबली. त्यानं दुसऱ्या बाजूला लावला. तिथंही दोन बोटं. रेघ मागे गेली होती, आणि तिच्याबरोबर शिसंही मागे गेलं होतं. इतके दिवस रज्जूवर सावली नव्हतीच.

"मामी," तो हळूच म्हणाला, "ही रेघ कुणी काढली?"

सारजाबाईचा चेहरा उतरला.

"म्याच काढली, डाक्टरसाब. सटीला हितं जवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला तळी उचलायची व्हती. अंगावर पानी घेतल्याबिगर देवाम्होरं कसं जावं? मान म्या वल्ली व्हऊ देत नव्हते, पर भंडारा पुसता पुसता रेघबी गेली. तुमी चिडताल म्हून तोंडाच्या औषधाची बाटली घेतली, काडीला कापूस गुंडाळला, आन् कातडी जिथवर काळी पडली व्हती तिथवर नीट वढली. जशीच्या तशी. चुकलं का काय?"

रेघ सरकवण्याआधीच्या शेकानं मुंजाबाची मान मागेपर्यंत काळवंडली होती. बाईनं त्या काळेपणाच्या कडेनं रेघ ओढली होती. जुन्या रेघेच्या जागेजवळ. तिचं काही चुकलं नव्हतं. पुढे सरकलेली नवी रेघ का सरकली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला फक्त पुसू नको म्हणून ओरडलं होतं.

"चालतंय," कडुबा म्हणाला. "काही होत नाही, मामी."

काथार सर दाराशी आले. हात खिशातच.

"झालं?"

"झालं, सर."

"दोरा?"

"बरोबर आहे, सर."

सर मान हलवून निघून गेले. कडुबानं दोरा मुठीत चुरगाळला आणि बादलीत टाकला.

त्यानंतर सगळं चांगलंच होत गेलं, आणि हेच वाईट होतं. कडुबा परीक्षा पास झाला. काथार सरांचे गुडघे धरले होते, ते आठवड्यातून दोनतीनदाच यायचे. विभागाच्या किल्ल्या त्यांनी कडुबाच्या हातात दिल्या, आणि इतर कुणाला दिल्या नाहीत. सर्जेरावनं वाळूजच्या बसमध्ये या वेळी पेढेच वाटले. कडुबा पुंडलिकनगरात भाड्यानं खोली बघायला गेला तेव्हा दोन घरं आडनाव ऐकल्यावर नुकतीच गेलेली निघाली, तिसरं मिळालं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मुंजाबा तपासायला आला. गाठीचा मागमूस नव्हता. "ऐका तं," म्हणाला, आणि व्हरांड्यात उभं राहून त्यानं मेंढरांना घालतात तशी लांब हाळी घातली. नर्सा धावत आल्या. बाकावरचे पेशंट हसले, एक म्हातारी तर टाळ्या वाजवू लागली. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. कडुबाला वाटलं, सुटलो. देव, निसर्ग, नशीब, ज्यानं कुणी सोडलं त्याचे उपकार.

पावसाळ्यात मुंजाबा पुन्हा आला.

"एक गंमत व्हती, डाक्टरसाब. मान खाली घातली का पायात करंट उतरतो. वायरला हात लागल्यावानी."

रज्जू शेकानं जळाल्याच्या लक्षणांत ही ओळ पुस्तकात जवळजवळ अशीच असते. कडुबानं ती परीक्षेत लिहिली होती, तिला मार्कही मिळाले होते. आता ती ओळ समोर बसून हसत होती. त्यानं केसपेपर पुढे ओढला.

"कमजोरी आहे," तो म्हणाला. "गोळ्या देतो."

ताकदीच्या गोळ्या घेऊन मुंजाबा गेला. दिवाळीला आला तेव्हा डाव्या पायातली वहाण रस्त्यात कुठं गळून पडली ते त्याला कळलंच नव्हतं. सारजाबाईच्या ते ध्यानात आलं, तीच मागे जाऊन घेऊन आली. जानेवारी उजाडला आणि पुतण्यानं त्याला टेम्पोत बाजेवर निजवून आणलं. कमरेखाली टाचणी टोचली तरी समजत नव्हतं. लघवीला नळी घालावी लागली. आवाज मात्र खणखणीत होता. त्या आवाजात तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, की पाय कशानं गेले. कडुबा म्हणाला, बघू. पुतण्याला नळीची काळजी समजावून सांगितली आणि मुंजाबाला घरी पाठवलं, कारण करण्यासारखं काही नव्हतं. मग तो काथार सरांच्या खोलीत गेला आणि दार लावून सगळं सांगून टाकलं. चंपाषष्ठी, रेघ, दोरा, 'चालतंय', गोळ्या. काही ठेवलं नाही.

काथार सर खिडकीपाशी उभे होते. ऐकता ऐकता त्यांचे हात खिशातून बाहेर आले. कडुबानं वर्षभरात ते पाहिले नव्हते. नखं पिवळी पडली होती. सर खुर्चीत बसले आणि ते हात त्यांनी टेबलावर ठेवले.

"आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नकोस. हे बघ, शेक बरोबर दिला तरी असं कधी कधी होतं. क्वचित होतं, पण होतं. मी त्यांना सांगतो, नशिबाचा भाग म्हणून. माझं वय झालंय, माझं बोलणं लोक ऐकून घेतात. तू मधे पडूच नकोस."

"सर, तुम्हीच शिकवलं होतं..."

"माहीत आहे मी काय शिकवलं!" सरांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुला किल्ल्या दिल्या तेव्हा मला काय काय ऐकावं लागलं ते तुला माहीत नाही. आता बाहेर कसे दिवस आहेत बघतोस ना? कोणत्याही क्षणी नामांतर जाहीर होईल. त्याच आठवड्यात हिवराळे डॉक्टरनं धनगराचे पाय घालवले, असं झालं तर? तुझं काय व्हायचं ते होईल. तुझ्यामागून जो येईल त्याला इथं कोण उभं करील?"

सर खोटं बोलत नव्हते. जीव तोडून सांगत होते, त्याच्याच भल्याचं सांगत होते. आणि त्या क्षणी कडुबाला त्या म्हाताऱ्या माणसाची फार दया आली. तीन वर्षं ज्यानं एकच गोष्ट शिकवली, तोच आता ती परत मागत होता.

"माझ्यामागून येणाऱ्याचं ओझं मुंजाबामामानं कशाला उचलायचं, सर?" तो म्हणाला. "आणि सारजामामीला रोज वाटत असेल, काय चुकलं म्हणून. तिला तेही माहीत नाही."

"कडुबा."

"सर, हात खिशात घाला," कडुबा म्हणाला. "हा पेशंट माझा आहे."

काथार सरांनी हात खिशात घातले नाहीत. पण अडवलंही नाही.

नामांतर झालं ते नेमकं संक्रांतीला. सकाळपासून वस्तीत ढोल वाजत होते, निळी निशाणं, निळा गुलाल. भामाबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून तयार बसली होती. तिला विद्यापीठाच्या दारात जायचं होतं.

"चल ना रं कडू. आपलं घर जळालं ते ह्या नावापायी. आज ते नाव लागलं. तुझ्या बापानं कंपनीत सुट्टी टाकली, आन् तुला काय झालं?"

"मला एका पेशंटकडं जायचंय, माय. आजच जायचंय."

"आजच्या दिशी कामून?"

कारण आज दवाखाना बंद होता, उद्या पुन्हा धीर झाला नसता, एवढंच खरं कारण होतं. ते तो आईला सांगू शकला नाही. भामाबाईनं त्याच्या कपाळाला थोडा निळा गुलाल लावला आणि सर्जेरावाबरोबर निघून गेली.

दौलताबादच्या रस्त्याला चौकाचौकात पोलीस होते. एका हवालदारानं त्याच्या कपाळाकडं बघून मोटारसायकल थांबवली आणि कुठं निघालास म्हणून विचारलं. "पेशंट आहे," कडुबा म्हणाला. शहरात ढोल होते, पण गावांमधून शुकशुकाट होता. लोक ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघत होते. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या गावातले लोकही असेच ओट्यावर बसले होते, आधी.

मुंजाबा अंगणात बाजेवर पडला होता. पलीकडच्या माळावर पुतण्या मेंढरं चारत होता. सारजाबाई लगबगीनं पुढे आली, सण म्हणून खुश झाली, वाटीत तिळगूळ घेऊन आली.

"घ्या डाक्टरसाब. आज आपून होऊन आले, लई बरं वाटलं."

"मामी, वाटी ठेवा जरा खाली. मला आधी बोलू द्या."

त्यानं उभ्यानंच सांगितलं. पुस्तकी शब्द एकही वापरला नाही. मानेत एक दोर असतो, त्यानं पाय चालतात, त्यावर शेक पडू द्यायचा नसतो, तो पडला. मुंजाबा आभाळाकडं बघत ऐकत होता.

"मंग कवा उठंन म्या?" त्यानं विचारलं.

"नाही उठणार, मामा."

सारजाबाईनं मुंजाबाच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग सारजाबाई म्हणाली, "म्हंजी माझ्या रेघंनं झालं."

"नाही," कडुबा म्हणाला. "रेघ तुम्ही काढली, पण ती बघून बरोबर आहे असं मी म्हणालो. मोजायचं काम माझं होतं. दोरा माझ्या हाताशी होता, मी मोजलं नाही. आणि कळल्यावर तुम्हाला चालतंय म्हणालो ते खोटं होतं. गोळ्या दिल्या तेही खोटं होतं. रेघ माझी आहे, मामी. तुमची नाही. दवाखान्यात जाऊन तक्रार करा, मी सगळं असंच सांगीन."

सारजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि कडुबानं ती मागितलीही नव्हती. ती आत गेली. देवाच्या कोनाड्यातून एक छोटी बाटली घेऊन आली. तळाशी जांभळं औषध वाळून गेलं होतं.

"ह्यांचे पाय ढिले पडाय लागले तवापून देवापशी ठिवली व्हती," ती म्हणाली. "म्या रोज म्हनायचे, खंडेराया, माजं काय चुकलं आसंल तं माज्यावर घे, ह्यांच्यावर नको. कुनाला बोलले नाय. ह्यांनाबी नाय." तिनं बाटली त्याच्या हातात ठेवली. "तुमची हाय म्हन्ता, तं तुमी न्या."

मग तिनं खाली ठेवलेली तिळगुळाची वाटी उचलली आणि घरात नेली.

कडुबा मोटारसायकलपाशी आला. बाटली खिशात घातली, आणि हात तिच्यावरच राहिला. माळावर मेंढरं पुतण्याला चुकवून कुणाच्यातरी हरभऱ्यात घुसत होती. पोरगा एकीकडून ओरडत पळत होता, ती दुसरीकडून शिरत होती. तेवढ्यात मागून बाजेवरून हाळी आली. लांब, भरदार, दवाखान्याच्या व्हरांड्यात घातली होती तशीच. सगळा कळप एकदम थांबला, माना वर झाल्या, आणि हरभरा सोडून मेंढरं अंगणाकडं वळली. बाजेभोवती येऊन उभी राहिली आणि मालक उठायची वाट बघू लागली.

मुंजाबानं हात लांबवून जवळच्या मेंढीच्या पाठीवर ठेवला. कडुबाकडं न बघता म्हणाला,

"आवाज मातर चांगला दिलात, डाक्टरसाब."